कोठीतल्या सहा मावश्या

सोमवार, ८ डिसेंबर

प्रिय टिमोन,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. ते माझंच आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत, त्यामुळे पेन बोटांच्या बेचक्यात धरून लिहावं लागतं. भाजलेल्या कातडीवर घालायचे ते घट्ट हातमोजे डॉक्टरांनी ऑक्टोबरात काढले. खालची कातडी आता पातळ आणि गुलाबी आहे, तान्ह्या मुलाच्या टाचेसारखी. घरातलं सगळं करते मी. रविवारी बटाट्याचे गोळेसुद्धा करते, फक्त मधली खळगी पाडताना अंगठ्याला काही कळत नाही, म्हणून एखाद्याला आरपार भोक पडतं. वरच्या मजल्यावरची ट्रूडा जेवायला येते आणि म्हणते, "ओटिलिया, हे गोळे आहेत की बांगड्या?" आणि दोन वाढून घेते. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू बोलायला लागलास की मी ऐकत राहते आणि मला सांगायचं असतं ते राहून जातं. पावणेदोन वर्षं तसंच राहून गेलंय. म्हणून लिहायला बसले. तू हे उभ्याउभ्या, बंदरावर जायच्या घाईत वाचू नकोस. बसून वाच. वीब्केला जवळ बसव हवं तर.

ज्या वर्षी गावभर कोळशाच्या भट्ट्या बंद करायचा हुकूम निघाला ते वर्ष तुला आठवत असेल. दोन माणसं आली आणि आपली पांढऱ्या फरश्यांची भट्टी एका सकाळी फोडून खाली घेऊन गेली. तिच्या जागी भिंतीवर रेडिएटर बसला. घर आधीपेक्षा ऊबदार झालं, खोटं कशाला बोलू. काजळी गेली, पडदे पांढरे राहायला लागले. पण बाबांचं कुठेच मन लागेना. खुर्ची उचलून ते जुन्या जागीच ठेवायचे आणि रेडिएटरकडे तोंड करून बसायचे. मी म्हणायची, "काय बघतोस?" तर म्हणायचे, "तेच बघतोय, ह्यात काय बघायचं असतं ते." आयुष्य कोळशात काढलेला माणूस आणि घरात विस्तव नाही. त्या ख्रिसमसला तू हॅम्बुर्गहून ती स्पिरिटची शेगडी घेऊन आलास. पोलादी पन्हळ, पुढे काच, धूर नाही, राख नाही. तू ती पेटवलीस आणि बाबांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली. तुला आठवतं? मला आठवतं, कारण त्या संध्याकाळी ते जेवायलासुद्धा उठले नाहीत, ताट मांडीवर घेऊन बसले.

आणि मग वसंतात तुझ्या मित्राच्या गाडीतून ते सहा मोठे कॅन आले. पंचवीस-पंचवीस लिटरचे. किरकोळीत मिळणारं इंधन भेसळीचं असतं, वास मारतं, म्हणून तू चांगलं इथेनॉल घाऊक पाठवलंस. मी कपाळाला हात लावला. "दीडशे लिटर, गेरार्ड! हे घर आहे की पेट्रोल पंप?" बाबा कॅनभोवती फिरत होते, झाकणं तपासत होते, लेबलं वाचत होते. निवृत्त झाल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. त्यांना काम मिळालं होतं.

एकतीस वर्षं त्यांनी खाणीत जमिनीखाली स्फोटकांचं कोठार सांभाळलं, हे तुला माहीत आहे. पण तू लहान होतास, तुला त्याचा मान माहीत नसेल. सुरुंग लावणारी माणसं त्यांच्या खिडकीशी रांग लावायची. सुरुंगाची दारू एका खोलीत, ती उडवायच्या कॅप दुसऱ्या खोलीत, सही केल्याशिवाय कांडी हातात पडायची नाही. दारू प्यालेला वाटला तर मुकादमालासुद्धा परत पाठवायचे. लोक चिडायचे, पण घरी जाऊन बायकांना सांगायचे, गेरार्ड खिडकीशी आहे तोवर निजा स्वस्थ. मला दुकानात, चर्चमध्ये हे ऐकायला मिळायचं. मी वरवर लाजायची आणि आतून फुगायची.

तू फोनवर म्हणालास, कॅन तळघरात ठेवा, थंड असतं. त्यावर ते किती हसले होते. "ह्या पोराला आम्ही शिकवलं कशाला? अरे, ह्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते आणि बसून राहते. तळघरात ठेवलं की मी घराखाली एक खाण तयार केली, आणि वर सगळी बिऱ्हाडं झोपलेली." बाल्कनीत नको, ऊन लागतं. जिन्यात तर नकोच, पळायची वाट ती. शेवटी अंगणापलीकडची विटांची कोठी त्यांनी निवडली, जिच्यात आपण ससे पाळायचो. महिनाभर खपले. भिंतीत खाली दोन आणि वर दोन अशी भोकं पाडली, हवा फिरायला. दिव्याची वायर तोडून टाकली. जमिनीवर पत्र्याचा उथळ हौद केला, गळलंच तर त्यात साठावं म्हणून, आणि त्यावर लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर सहा कॅन ओळीनं. दाराबाहेर वाळूची बादली आणि आग विझवायचं नळकांडं, तसंच दुसरं नळकांडं वर आपल्या घराच्या दाराशी. आणि किल्ली त्यांच्या गळ्यात, स्वयंपाकघरातल्या खुंटीवरसुद्धा नाही.

कॅनना ते मावश्या म्हणायचे. "सहा मावश्या आल्यात राहायला. त्यांना उभं ठेवायचं, आडवं पाडायचं नाही. सावलीत ठेवायचं. आणि तोंडं घट्ट बंद. एवढं केलं की मावश्यांसारखं गरीब कोणी नाही." ट्रूडाला पण एकदा कोठी दाखवून आणली. ती मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं तुझी इतकी बडदास्त कधी ठेवली का गं?"

रोज दुपारी चारला ते एक लिटरचा डबा घेऊन खाली जायचे. आठवतो तुला तो, पत्र्याचा, लांब नळीचा, नळीच्या तोंडाशी बारीक तारेची जाळी, ज्योत आत शिरू नये म्हणून. मावशीच्या तोटीतून सावकाश एक लिटर घ्यायचं, तोटी पुसायची, कोठीला कुलूप, वर यायचं. एक लिटरपेक्षा जास्त घरात येणार नाही, हा नियम. शेगडी विझलेली आणि गार असेल तेव्हाच भरायची, हा दुसरा. विझवल्यावर तासभर हात लावायचा नाही. मग आधी पन्हळीच्या वर तळवा धरायचा, मग लोखंडाला लावायचा, मग ओतायचं, सांडलेलं पुसायचं, डबा दूर नेऊन ठेवायचा आणि मग काडी ओढायची. मी म्हणायची, "तुझं पूजेचं होईपर्यंत मला थंडी वाजून गेली." ते म्हणायचे, "कानटोपी घाल."

आता त्या शेवटच्या हिवाळ्याचं लिहिते.

त्यांच्या फुफ्फुसांचं तुला माहीत होतं, पण किती ते आम्ही सांगितलं नव्हतं. नवीन वर्षाला दोन जिने चढताना ते तीनदा थांबायला लागले. जानेवारीत अंगणात बर्फ गोठून काच झाली होती. मी खिडकीत उभी होते. ते डबा भरून परत येत होते आणि मधोमध पाय सरकला. पडताना त्यांनी दोन्ही हातांनी डबा वर धरला. स्वतःला सावरलं नाही. गुडघ्यावर आदळले आणि तसेच बसून राहिले, डबा डोक्यावर धरून. एक थेंब सांडला नाही. मी खाली धावले तर म्हणाले, "आधी हा घे." महिनाभर गुडघा सुजलेला होता, आणि तरी रोज चार वाजता बूट चढवायचे. मी म्हटलं, मी जाते. तर नाही. मी म्हटलं, आठवडाभर शेगडी नको. तर तोंड एवढंसं झालं.

मग ते फुफ्फुसाच्या डॉक्टरकडे गेले त्या दिवशी मी गळ्यातली किल्ली मागून घेतली. म्हटलं, कोठीजवळचा बर्फ खरवडते. आणि खिडक्या धुवायच्या पाण्याचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन होता ना आपला, तो कोरडा करून भरून आणला. कपाटामागे ठेवला. म्हटलं, आता पाच दिवस तरी त्याला खाली जायला नको. ते परत आले, टोपी काढली, आणि दारातच थांबले. "घरात मावशी आलीय," म्हणाले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत. कॅन शोधला, उचलला आणि स्वतः खाली घेऊन गेले, त्या बर्फातून. वर आल्यावर अर्धा तास खोकत होते. खोकला थांबल्यावर एवढंच म्हणाले, "ओटिलिया, मला भीती वाटते म्हणून मी हे करतो. हौस म्हणून नाही."

टिमोन, तो खोकला ऐकून मी ठरवलं की पुढच्या वेळी नीट लपवायचं.

लोकांना माहीत आहे, कागदावर लिहिलं आहे आणि तू ज्यावर विश्वास ठेवलास ते असं आहे: फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबांनी आळस केला, कोठीपर्यंत जायला नको म्हणून पाच लिटरचा कॅन वर आणून ठेवला, आणि शेगडी पुरती विझायच्या आधीच त्यातून ओतलं. त्यांची शूर बायको हातांनी ज्वाळा विझवायला गेली आणि तिचे हात भाजले. पाद्रींनी प्रवचनात माझं नाव घेतलं. मी पहिल्या रांगेत बसले होते, दोन्ही हातांना पांढरी बँडेजं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

तसं झालं नव्हतं.

सर्दीतापानं खाली उतरवेना तेव्हा त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली, आणि मी कॅन पुन्हा भरून आणला. या वेळी बुटांच्या कपाटात, पिशवीत बांधून, खाली ओला टॉवेल. सर्दीनं त्यांचं नाक गेलं होतं, म्हणून कळलं नाही. रोज गुपचूप त्यातून लिटरचा डबा भरायची आणि सांगायची की मी खाली जाऊन आणलं. बारा दिवस ते चाललं, मधे दोनदा कॅन पुन्हा भरून आणला. त्यांनी माझा हात धरून म्हटलं होतं, "बर्फावरून जातेस, जपून जात जा." मी म्हटलं, हो.

त्या रविवारी खूप दिवसांनी ऊन पडलं होतं. खोलीभर ऊन, थेट शेगडीवर. जेवण झालं होतं. ते खुर्चीत पांघरूण घेऊन डुलक्या घेत होते. सकाळपासून शेगडी चालू होती, कारण त्यांना हुडहुडी भरली होती, आणि मला वाटलं की ती संपून विझली. ज्योत दिसतच नव्हती. उन्हात ती दिसत नाही, टिमोन. हे त्यांनी मला पन्नास वेळा सांगितलं होतं. काच सरकवली. तळवा नाही धरला. म्हटलं, ते उठायच्या आत भरून ठेवावी, उठल्यावर बरं वाटेल. जाळीच्या नळीतून थेंब थेंब पडतं, वेळ लागतो. म्हणून बुटांच्या कपाटातून तो पाच लिटरचा आणला आणि त्यानंच ओतलं.

त्यांनी डोळे उघडले. "ओटिलिया, थांब," म्हणाले. हळूच म्हणाले, झोपेतून उठून म्हणावं तसं. आणि त्या क्षणी ज्योत धारेवरून वर चढली. मी कॅन टाकला नाही. टाकायला हवा होता की नको, मला अजून कळत नाही. कॅनच्या तोंडातून जाळाचा झोत निघाला आणि तो माझ्यावर नाही आला. समोर गेला. खुर्चीकडे.

पुढचं तुटक आठवतं. मी त्यांच्या स्वेटरवर हात मारत होते, ते खरं आहे. तेवढं प्रवचन खरं होतं. त्यांनी पांघरुणात स्वतःला गुंडाळून जमिनीवर लोळण घेतली, आणि मग उठून, हो टिमोन, उठले ते, दाराजवळचं नळकांडं घेऊन पडदा आणि शेगडी विझवली. मग मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडला आणि माझे हात पाण्याखाली धरले. छाती, मान, हनुवटी, सगळं गेलेलं होतं त्यांचं, आणि ते माझे हात धरून उभे. वर ट्रूडा फोनवर ओरडताना ऐकू येत होती. मी म्हटलं, "गेरार्ड, तू बस, तुला लागलंय." ते म्हणाले, "मला दुखत नाहीये." मी देवाचे आभार मानले. नंतर इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की खोल भाजलं की दुखत नाही, तेच वाईट असतं.

नळाशी उभे असतानाच त्यांनी मला सांगितलं. "ऐक. ओतत मी होतो. कॅन मी वर आणला, गुडघा दुखत होता म्हणून. तू स्वयंपाकघरात होतीस. कळलं?" मी म्हटलं, असं कसं. त्यांनी माझे हात सोडले नाहीत. "कळलं का, ओटिलिया?" मी मान हलवली. स्ट्रेचरवरून जिना उतरताना त्यांनी अग्निशमनच्या माणसाला तेच सांगितलं. इस्पितळात नळ्या घालायच्या आधी पोलिसांतल्या मुलीला तेच. तिनं लिहून घेतलं. त्यानंतर ते बोलले नाहीत. नऊ दिवस. ते नऊ दिवस तू काचेबाहेर उभा होतास.

मला शेजारच्या वॉर्डात ठेवलं होतं. ती मुलगी माझ्याकडेही आली. म्हणाली, "आजी, तुम्ही स्वयंपाकघरात होतात ना?" मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्यांदा सोपं जातं.

अंत्ययात्रेला खाणीचा बँड आला, काळे गणवेश, टोपीवर पिसं. माणसं रडली, पण रडून झाल्यावर बोलायला लागली. पावाच्या दुकानात माझ्यामागे दोघी हलक्या आवाजात म्हणत होत्या, "एकतीस वर्षं दारूगोळा सांभाळला आणि घरात बघ." दुसरी म्हणाली, "म्हातारपण. शेवटी सगळ्यांचीच अक्कल गहाण पडते." मी पाव घेतला आणि घरी आले. त्यांच्या मित्रांच्या बैठकीत गेरार्डचं नाव चेष्टेचं झालं. कोणी काही विसरलं की म्हणायचे, काय रे, गेरार्ड झालास का? ट्रूडानं मला हे सांगितलं, रागानं लाल होऊन. "तू जाऊन सुनाव त्यांना," म्हणाली. मी भांडी धुवत होते. धुवत राहिले.

आणि तू. अंत्यविधीनंतरच्या जेवणात तू उभा राहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबांना दोष देऊ नका. घाऊक मी पाठवलं. मी पाठवलं नसतं तर घरात पाच लिटर आलंच नसतं." कोणीतरी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मी टेबलाच्या टोकाला होते. ट्रूडा मला चमच्यानं सूप भरवत होती. मला तोंड उघडायचं होतं. तिनं त्यात चमचा घातला आणि मी गिळलं.

त्यानंतर तू घरी आला नाहीस. दोनदा नोव्हेंबरातला मृतांच्या आठवणीचा दिवस आला, सगळ्या थडग्यांवर दिवे लागले, तुझ्या बाबांच्या थडग्यावर मी आणि ट्रूडानं लावले. काडी ट्रूडा ओढते. वीब्केचं पत्र ऑगस्टात आलं होतं, तुला तिनं सांगितलं की नाही कोण जाणे. तिनं लिहिलं होतं की तू घरातला गॅस काढून टाकलास, कामावर जाताना रस्त्यातून परत येऊन विजेची बटणं बघतोस, आणि येट्टे पाच वर्षांची झाली तर केकवर मेणबत्त्या लावू दिल्या नाहीस. पोरगी रुसली तेव्हा तू संडासात जाऊन बसलास आणि बराच वेळ आलाच नाहीस. "आई, ह्याला मी काय सांगू?" असं वीब्केनं लिहिलं होतं. मी तिला उत्तर पाठवलं की काळ जाऊ दे. हे मी लिहिलं, ज्या बाईच्या एका वाक्यानं ते सगळं थांबलं असतं तिनं.

परवाच्या चार तारखेला खाणकामगारांचा सण झाला. सकाळची प्रार्थना झाली की जुनी मंडळी क्लबात जमतात, ते तुला माहीत आहे. बायका तिथे जात नाहीत. मी गेले. आत शिरले तर सगळे उठून उभे राहिले, शूर बाई ना मी. अलोइझनं खुर्ची पुढे केली. बाबांच्या बरोबर पंधरा वर्षं त्या खिडकीशी बसलेला अलोइझ, तुला लाकडी गाडी करून देणारा. मी बसले नाही. म्हटलं, "गेरार्डनं ओतलं नव्हतं. मी ओतलं. कॅन मी लपवून आणला होता, त्याला माहीतही नव्हतं. तो झोपला होता." हे तुला वर जसं लिहिलं तसं सगळं सांगितलं, उभ्यानंच. झाल्यावर अलोइझ म्हणाला, "दोन वर्षं आम्ही त्याचं नाव चघळत होतो. तेव्हा तू कुठं होतीस?" मी म्हटलं, "घरी." त्यानं टोपी घेतली आणि बियर तशीच टाकून निघून गेला. बाकीच्यांनी मला चहा दिला. कोणी काही वाईट बोललं नाही. पण मी निघाले तेव्हा या वेळी कोणी उठलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. शनिवारी पोलीस ठाण्यात गेले. ती मुलगी आता तिथे नाही. दुसऱ्या एकानं लिहून घेतलं, पुन्हा पुन्हा विचारलं की कोणी जबरदस्ती केली का. पुढे काय होईल ते त्यांना माहीत. मी त्याची भीती बाळगत नाही, आणि तूही वकील-बिकील बघू नकोस.

आता हे आजच का, ते. तीस तारखेच्या रविवारी तू फोन केलास. आधी येट्टेच्या दाताबद्दल बोललास, आणि मग म्हणालास, "आई, मला एकदा तोंडानं सांग की तू मला माफ केलंस. मी बाबांना मारलं, मला माहीत आहे, पण तू एकदा सांग." मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी वीब्केनं कळवलं की तुला वाटलं मी माफ करणार नाही म्हणून ठेवला, आणि तू जिन्यात बसून राहिलास. पोरा, मी फोन ठेवला कारण तोंड उघडलं असतं तर किंचाळले असते. एक गोष्ट वर लिहायची टाळली आहे. नळाशी उभे असताना मी बाबांना विचारलं होतं की खोटं कशाला. ते म्हणाले, "टिमोन माझ्यावर रागावू दे. मेलेल्या बापावर मुलं फार दिवस रागावत नाहीत. तुला त्याच्याबरोबर अजून राहायचंय." तू माझ्यापासून तुटू नयेस म्हणून त्यांनी स्वतःचं नाव दिलं. तू ना त्यांच्यावर रागावशील ना माझ्यावर, सगळं स्वतःवर घेशील, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. त्या जेवणाच्या टेबलावरच आलं होतं, आणि मी गप्प बसले, कारण तू दूर राहिलास तरी रविवारी फोन करत होतास आणि तो फोन मला हवा होता. तू पाठवलंस ते एका म्हाताऱ्याला ऊब मिळावी म्हणून, आणि त्यानं ते जसं ठेवलं तसं जगात कोणी ठेवलं नसतं. तुझ्याकडून काही चुकलं नाही. माफी मी तुझ्याकडे मागते आहे, आणि ती लगेच देऊ नकोस. आधी रागाव माझ्यावर, टिमोन, जितके दिवस लागतील तितके. पुढच्या रविवारी फोन वाजला नाही तरी मी समजून घेईन.

तू बोललास न बोललास तरी तुझीच,
आई